कोयासानची अक्षरयात्रा

जपानात शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चअखेर संपते. दोन वर्षांच्या या सांध्यावर मुलांना जी थोड्या दिवसांची सुटी मिळते तिला तेथे ‘हारुयासुमी’ म्हणतात. ‘हारु’ म्हणजे वसंत आणि ‘यासुमी’ म्हणजे विश्रांती. नेमक्या याच दिवसांत साकुरा, म्हणजे चेरीची झाडे, फुलतात. शहरांतून व नदीकाठांवरून जी झाडे सर्वत्र दिसतात ती बहुतेक ‘सोमेइ-योशिनो’ या एकाच जातीची, एकमेकांपासून कलमे करून वाढविलेली असल्यामुळे एका गावातली सारी झाडे जणू ठरवून एकदमच बहरतात. टोकियोत बहर सुरू झाला की नाही हे हवामान खाते यासुकुनी मंदिराच्या आवारातील एका ठरावीक झाडावरून ठरविते. त्यावर पाच-सहा फुले उमलली की घोषणा होते. २०२४ साली ही घोषणा नेहमीपेक्षा उशिरा, २९ मार्चला झाली, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी आम्ही प्रवासाला निघालो.

आम्ही मूळचे बडोद्याचे. दांडिया बाजारातील घरात आमच्या पाच पिढ्या गेल्या. नोकरीच्या निमित्ताने टोकियोत आलो आणि एदोगावा प्रभागातील निशिकासाई येथे स्थिरावलो. या भागात भारतीयांची वस्ती इतकी आहे की किराणा दुकानात तूरडाळ आणि पोहे मिळण्याची पंचाईत पडत नाही. याच प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, तेव्हा दूरच्या नातेवाइकांनीही फोन करून आमचे अभिनंदन केले होते. जणू निवडणूक आम्हीच लढविली होती.

या वेळी आमच्याबरोबर आई होती. वय चौऱ्याहत्तर. आमचे वडील २०२३ च्या निज श्रावणात बडोद्यास निवर्तले. आम्ही विमानाने पोहोचेपर्यंत अग्निसंस्कार आटोपला होता. अस्थी मात्र चांदोदला नर्मदेत आम्हीच सोडल्या. पुढे आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. वर्ष व्हायचे असल्यामुळे सणवार नव्हते, आणि घरात बसून तिचा वेळ जात नव्हता. म्हणून नारा आणि कोयासान या दोन क्षेत्रांचा बेत केला.

शिन्कान्सेन, म्हणजे जपानची जगप्रसिद्ध वेगवान गाडी, १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. टोकियो ते क्योतो हे सुमारे ५१३ किलोमीटरचे अंतर ती सव्वादोन तासांत काटते. क्योतोकडे जाताना उजव्या हातास फूजी पर्वत येतो. ३७७६ मीटर उंचीचा हा पर्वत त्या दिवशी ढगांनी झाकलेला होता, त्यामुळे आईला त्याचा पायथाच तेवढा पाहावयास मिळाला. मुंबई-अहमदाबाद मार्गाची लांबी जवळजवळ एवढीच, ५०८ किलोमीटर. तोही याच जपानी पद्धतीने बांधावयाचा ठरून २०१७ मध्ये त्याची पायाभरणी झाली, आणि त्या मार्गावर बडोदे आहे, हे सांगताच आईने डब्याकडे नव्या आस्थेने पाहिले. बडोद्याचा आणि जपानचा संबंध तसा जुनाच. श्रीमंत सयाजीराव महाराज १९१० मध्ये जगप्रवासाला निघाले तेव्हा अमेरिकेला जाण्यापूर्वी ते जपानात आले होते.

नारा ही आठव्या शतकातील जपानची राजधानी. तेथील उद्यानात हजाराहून अधिक हरणे मोकळी हिंडतात. कासुगा मंदिरातील देवाचे दूत म्हणून त्यांना कोणी इजा करीत नाही. हरणांसाठी विकत मिळणारी बिस्किटे हाती दिसली की ती मान लववून नमस्कारही करतात. परंतु नाऱ्याचे खरे वैभव म्हणजे तोदाइजी मंदिर. त्यात वैरोचन बुद्धाची सुमारे पंधरा मीटर उंचीची कांस्यमूर्ती आहे. सभोवतीचे लाकडी मंदिर ११८० आणि १५६७ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. आज दिसते ते १७०९ चे, मूळच्यापेक्षा रुंदीने लहान. तरीही त्याच्यासमोर उभे राहिले की माणूस नकळत आवाज खाली आणतो.

या मूर्तीचा नेत्रोन्मीलन-सोहळा ७५२ मध्ये झाला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीचे डोळे उघडतात, तोच हा विधी. तो ज्यांच्या हस्ते झाला ते बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू होते. ७३६ मध्ये चीनमार्गे ते येथे आले. जपानी लोक त्यांना ‘बोदाइसेन्ना’ म्हणतात. ज्या कुंचल्याने त्यांनी मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखिली त्याला लांब दोर बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो हाती धरला होता, म्हणजे त्या एका रेघेचे पुण्य सर्वांस लाभावे. तो कुंचला अजून जपून ठेवलेला आहे. ११८० च्या आगीनंतर मूर्ती दुरुस्त झाली तेव्हा, ११८५ मध्ये, पुन्हा तोच कुंचला वापरण्यात आला.

बोधिसेन येथे चोवीस वर्षे राहिले आणि ७६० मध्ये येथेच वारले. परत गेले नाहीत. आई मूर्तीपुढे बराच वेळ उभी होती. शेवटी तिने विचारले, “त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी होते का रे इथे?” आम्ही म्हणालो की संस्कृत जाणणारे थोडे शिष्य असतील. “शिष्य निराळे,” ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

हा प्रश्न केवळ बोधिसेनांविषयी नव्हता, हे आम्हांस ठाऊक होते. आमचे चिरंजीव दहा वर्षांचे. शाळा जपानी, मित्र जपानी. मराठी कळते; परंतु उत्तर जपानीत येते. आमचे वडील बडोद्याहून दर महिन्यास नातवाला एक पत्र लिहीत, निळ्या शाईने, टपोऱ्या देवनागरीत. ती सारी पत्रे आम्हीच त्याला वाचून दाखविली. आता नवे पत्र येणार नाही आणि जुनी एका खोक्यात आहेत. बडोद्याच्या घरीही एक पेटी आहे. तीत पणजोबांच्या काळची मोडीतील दप्तरे आहेत. वडील मोडी वाचीत. आमच्या पिढीपर्यंत ती लिपी आली नाही. आईने आल्या दिवसापासून तोंडाने काही म्हटले नव्हते, पण ही पेटी आणि हे खोके तिच्या मनात एकाशेजारी एक ठेवलेली होती.

नाऱ्याहून ओसाकाला येऊन नांबा स्थानकावर नान्काइ रेल्वेची गाडी धरली. डोंगर चढत ती गोकुराकुबाशी या शेवटच्या स्थानकाशी थांबते. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचा पूल’. तेथून दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने पाच मिनिटांत वर पोहोचलो. सुमारे आठशे मीटर उंचीवरील या पठारावर शंभराहून अधिक मंदिरे आहेत आणि त्यांपैकी पन्नासहून अधिक मंदिरांतून यात्रेकरूंची राहण्याची सोय होते. तिला ‘शुकुबो’ म्हणतात. खाली वसंत होता. येथे साकुराच्या कळ्या अद्याप घट्ट मिटलेल्या होत्या आणि सायंकाळी बोटे गारठत होती.

शाकाहारी कुटुंबाला जपानात मोठी अडचण दिसत नाही ती असते. नुसत्या भाज्यांच्या रश्शातही सुकविलेल्या माशाच्या किसाचा अर्क असतो; त्याला ‘दाशी’ म्हणतात. ‘मासे नकोत’ एवढे सांगून भागत नाही, कारण वाढणाऱ्याच्या मते त्यात मासा नसतोच! मंदिरातील ‘शोजिन र्‍योरी’ मात्र पूर्णपणे निरामिष असते, आणि तीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. दाशी असते ती समुद्री वनस्पती आणि सुकविलेली अळंबी यांची. चातुर्मास पाळणाऱ्या आईने तीन महिन्यांत प्रथमच बाहेरचे जेवण निःशंकपणे जेवले. तिळाच्या वाटणापासून केलेले ‘गोमा-दोफू’ तिला खरवसासारखे लागले. थंडीत गोठवून सुकविलेला आणि मग रश्शात शिजविलेला ‘कोया-दोफू’ तिने दोनदा उलटून पाहिला आणि “हा भिजलेला ढोकळा” असा निर्णय दिला. बडोद्याच्या माणसाला दुसरे काय सुचणार?

पहाटे मंदिरात होम झाला. त्याला येथे ‘गोमा’ म्हणतात, आणि हा शब्द ‘होम’ याचेच जपानी रूप होय. समिधा रचलेल्या, तूप नव्हे पण तेल पळीने घातले जात होते, आणि प्रत्येक मंत्राच्या शेवटी ‘सोवाका’ असा शब्द येत होता. दोन-तीनदा ऐकल्यावर आईने आमच्याकडे वळून हळूच म्हटले, “स्वाहा!” तसेच होते ते. चिरंजीवांनी आपली भर घातली: “आजी, रात्री गोमा खाल्ला आणि सकाळी गोमा जाळला.” तिळालाही जपानीत ‘गोमा’च म्हणतात, फक्त चित्रलिपीतील अक्षरे वेगळी. हा विनोद त्याने मराठीत केला, हे आईच्या लक्षात आले की नाही कोण जाणे, आमच्या आले.

हे क्षेत्र कूकाइ या आचार्यांनी स्थापिले. त्यांचा जन्म ७७४ चा. ८०४ मध्ये ते चीनला गेले, छांगआन नगरीत त्यांनी मंत्रयानाची दीक्षा घेतली आणि प्रज्ञ नावाच्या, भारतीय परंपरेत शिकलेल्या भिक्षूजवळ संस्कृताचे धडे घेतले. ८०६ मध्ये ते परतले आणि ८१६ मध्ये सम्राटाने हा डोंगर त्यांस दिला. त्यांनी आणलेल्या विद्येबरोबर ‘सिद्धम’ ही लिपी आली. ती ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे नात्याने आपल्या देवनागरीची बहीण. भारतातून ती केव्हाच गेली. येथे आजही ती मंत्रांसाठी लिहितात.

होमानंतर एका तरुण भिक्षूने आम्हांस शेजारच्या दालनात नेले. भिंतीवर एक पट टांगला होता. पांढरे चंद्रमंडळ, त्यात कमळ आणि कमळावर एकच सोनेरी अक्षर. या अक्षरावर ध्यान करावयाचे असते; त्या ध्यानाला ‘आजिकान’ म्हणतात. भिक्षू जपानीत बोलू लागला आणि आईला सांगण्याचे काम चिरंजीवांकडे आले, कारण आजीला मराठी, गुजराती आणि हिंदीवाचून काही येत नाही. “हे अक्षर ‘अ’ आहे,” त्याने सांगितले. “ते म्हणतात, याचा अर्थ... ज्याचा जन्म झालाच नाही. ज्याला सुरुवात नाही.” शब्द शोधताना त्याला घाम फुटला होता. आई म्हणाली, “अज. आपल्यात त्याला अज म्हणतात, बाळा.” भिक्षूने हा शब्द ऐकून दोनदा उच्चारून पाहिला. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या आरंभी अकाराच्या ठायी गणेशाचे चरण पाहिले, हे आईने मग नातवाला सांगितले. तेवढे मात्र भिक्षूपर्यंत पोहोचविणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

भिक्षूने आणखी एक गोष्ट सांगितली. जपानी मुले शाळेत ‘आ, इ, उ, ए, ओ’ अशी वर्णमाला शिकतात आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी येतात. हा क्रम सिद्धम शिकणाऱ्या भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेवरून बसविलेला आहे. आपल्या क, च, ट, त, प, य, र, ल, व या क्रमाशी तो ताडून पाहावा. ‘च’च्या जागी ‘सा’ आहे. ‘प’च्या जागी ‘हा’ आहे, कारण प्राचीन जपानीत त्याचा उच्चार ‘प’ असा होता. चिरंजीव सहा वर्षांचे असल्यापासून जो पाढा म्हणत होते तो आजीच्या मुळाक्षरांचाच निघाला. हे ऐकून त्यांची मुद्रा, आपल्याला कोणी तरी फसविले आहे, अशी झाली होती.

दुपारी ओकुनोइनला गेलो. पहिल्या पुलापासून कूकाइंच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटरची वाट आहे. दोन्ही बाजूंस शतकानुशतकांचे सुगी वृक्ष आणि त्यांच्या मुळाशी शेवाळलेल्या दोन लाखांहून अधिक समाध्या. येथे परस्परांचे हाडवैरी शेजारी विसावले आहेत. वाळवीचा नायनाट करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने, मारलेल्या वाळवीसाठी उभारलेले स्मारकही येथे आहे. अनेक समाध्या पाच दगडांच्या आहेत: तळाशी चौकोन, त्यावर गोल, त्यावर त्रिकोणी छप्पर, मग अर्धचंद्र आणि शेवटी रत्नाकृती. त्यांना ‘गोरिन्तो’ म्हणतात. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश अशी ती पंचमहाभूते होत, आणि खालून वर अ, व, र, ह, ख अशी सिद्धम अक्षरे त्यांवर कोरलेली असतात. सामान्य जपानी माणसाला ती वाचता येत नाहीत. तो ती पुसूनही टाकीत नाही.

कूकाइ ८३५ मध्ये समाधिस्थ झाले. ते मृत झाले असे येथे कोणी मानीत नाही. ते ध्यानात बसलेले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि रोज दोन वेळा भिक्षू त्यांच्यासाठी भोजनाची पेटी घेऊन जातात. आईला हे समजावून सांगावे लागले नाही. आळंदीला १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी घेतलेली संजीवन समाधी मानणाऱ्या माणसास यात नवल ते काय? शिकोकू बेटावरील अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरची परिक्रमा करणारे शुभ्रवस्त्रधारी यात्रेकरूही येथे दर्शनाला येतात. त्यांच्या वस्त्रांवर ‘दोघे मिळून वाटचाल’ या अर्थाचे शब्द असतात. दुसरा सोबती म्हणजे स्वतः कूकाइ. वाटेवरचे गावकरी त्यांना खाऊ, फळे, कधी पैसेही देतात. वारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचा अर्थ सांगावयास नको.

समाधीपुढील दीपमंदिरात दहा हजारांहून अधिक दीप आहेत. त्यांतील एक ओतेरू नावाच्या गरीब मुलीने आपले केस विकून लावला अशी आख्यायिका आहे, आणि तो सुमारे हजार वर्षे तेवत आहे असे सांगतात. सम्राटाचा दीपही जवळच आहे.

त्याअलीकडे ओढ्याच्या काठी जिझो आदी देवतांच्या कांस्यमूर्तींची ओळ आहे. आपल्या गत आप्तांचे स्मरण करून लोक त्यांवर ओगराळ्याने पाणी घालतात. मृताच्या अस्थींचा अंश येथे आणून ठेवण्याचीही चाल आहे. आई थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने ओगराळे घेतले, पदर सावरला आणि वडिलांचे नाव मनात घेऊन पाणी घातले. आम्हीही घातले. चांदोदला जे झाले त्यात कमी काही नव्हते. परंतु तेथे गर्दी होती, गुरुजींची घाई होती आणि रडावयास जागा नव्हती. येथे होती. शेजारी एक वृद्ध जपानी बाई पाणी घालीत होती. तिने आईकडे पाहून मान लवविली. आईने हात जोडले.

परतताना कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यास वंदन केले. महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते २०१५ मध्ये त्याचे अनावरण झाले. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि १९१७ मध्ये त्याच बडोद्यात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. दोन्ही गोष्टी आमच्याच गावाच्या. चिरंजीवांनी विचारले, “मग त्यांना कोणी ठेवूनच घेतले नाही?” आईने त्याला कमाटी बागेतील त्या झाडाची हकीकत सांगितली, जेथे ते अश्रू ढाळीत बसले होते. आडपडदा न ठेवता सांगितली.

जी कुटुंबे वसंतात जपानला येतील त्यांना आमचे सुचविणे एवढेच की, क्योतोच्या गर्दीतून दोन दिवस काढून कोयासानला एक रात्र तरी राहावे. एप्रिलच्या आरंभी लोकरीचे कपडे न्यावे. तेथील साकुरा महिनाअखेरीस फुलतो. म्हणजे खालचा बहर ज्यांचा हुकला त्यांना वर तो पुन्हा भेटतो.

त्या वर्षी ९ एप्रिलला पाडवा होता. सुतकी वर्षामुळे गुढी नव्हती. चिरंजीवांची शाळा सुरू झाली होती. आईने संध्याकाळी चौकोनी जपानी वहीत एका ओळीत का, सा, ता, ना आणि तिच्याखाली क, च, त, न असे लिहून घेण्यास आरंभ केला. ती जूनमध्ये परतली, तेव्हा तो जोडाक्षरांपाशी अडला होता. पत्रांच्या खोक्यातील सर्वांत जुने पत्र हल्ली त्याच्या मेजावर असते. बोट ठेवून, चुकत, कधी रागावून तो ते वाचतो. पहिल्या पानाच्या अडीच ओळी झाल्या आहेत. वडिलांचे अक्षर टपोरे आहे, हे बरे झाले.